चारशेतीन आणि समितीचं घड्याळ

निवृत्त माणसाजवळ किस्से साठतात ते फरदडीच्या कापसासारखे. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही झाडं उभी ठेवून काढलेला शेवटचा कापूस. त्याला भाव नसतो, तो फेकवतही नाही, आणि कोपऱ्यात पडलेला बघून घरचं माणूस रोज विचारतं, "हे कधी निघणार?" आमच्याकडे हा प्रश्न आमची मंडळी विचारते. तेव्हा आज तुमच्यापुढे थोडा कोपरा रिकामा करतो.

मी बाजार समितीत कारकून होतो. कोणत्या, ते सांगत नाही. यवतमाळ जिल्ह्यातली एक, एवढं पुरे. त्यातली सगळी माणसं अजून धडधाकट आहेत आणि वाचतातही, निदान स्वतःचं नाव असलेलं.

वर्ष बोंडअळीचं. आमच्याकडे शेतात अळी आणि ऑफिसात इंटरनेट एकाच हंगामात आलं. सरकारी केंद्रावर कापूस घालायचा तर आधी ऑनलाइन नोंदणी हवी असा हुकूम निघाला. समितीच्या कॉम्प्युटरवर वेबसाइट उघडायची, सातबारा टाकायचा, शेतकऱ्याचा फोटो आणि अंगठा घ्यायचा, आणि सबमिटचं बटण दाबायचं. मग मोबाईलवर मेसेज येणार, आणि मेसेज आला की गाडी भरून आणायची. सोपं होतं. बटण दाबेपर्यंत तर फारच सोपं होतं.

ऑफिसात आम्ही चौघं. सचिव गावंडे साहेब, ऑपरेटर प्रज्ञा, शिपाई रहीमचाचा आणि मी. पाचवं होतं भिंतीवरचं घड्याळ. ते वीसेक मिनिटं पुढे असायचं, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. आधीच्या कुठल्या तरी सचिवांनी शिस्तीसाठी ते पुढे करून ठेवलं, अशी गावंडे साहेबांची समजूत होती. कोणी मोबाईल काढून वेळ दाखवली की ते म्हणत, "ती कंपनीची वेळ. इथी समितीची वेळ चालते." आम्ही वीस मिनिटं आधी उघडत असू आणि वीस मिनिटं आधी बंद करत असू, त्यामुळे कोणाचं नुकसान नव्हतं. बसच्या रस्त्यावरच्या कित्येक घरांत भिंतीवरचं घड्याळ समितीला मिळवलेलं असे.

* * *

नोंदणीच्या पहिल्या दिवशी साहेबांनी स्वहस्ते उद्घाटन करायचं ठरवलं. रहीमचाचांनी मॉनिटरवर झेंडूचं फूल ठेवलं. साहेबांनी नारळ फोडला, हात पुसले, आपल्या नावाच्या लॉगिननं आत शिरले, पहिल्या शेतकऱ्याचा अर्ज भरला आणि बटण दाबलं.

पांढऱ्या पडद्यावर दोनच शब्द आले. चारशेतीन, फॉरबिडन.

साहेब माझ्याकडे वळले. मी पुस्तकं वाचतो याचा त्यांना एरवी राग होता. "तुमी वाचता-बिचता. याचा अर्थ काय?"

"मज्जाव, साहेब."

"कोणाले?"

"ज्यानं बटण दाबलं त्याला."

प्रज्ञानं जिल्ह्याला फोन लावला. उलगडा झाला तो असा, की साहेबांचं पद मोठं म्हणून त्यांना 'निरीक्षक' दर्जाचं लॉगिन दिलं होतं. त्यात सगळं दिसतं, करता काहीच येत नाही. अर्ज भरायचा अधिकार होता फक्त ऑपरेटरला, म्हणजे कंत्राटावरच्या प्रज्ञाला. आता साहेब भडकणार म्हणून आम्ही तिघं आपापल्या जागी खाली बघत बसलो.

साहेबांनी नारळाचा तुकडा तोंडात टाकला. "यात नवीन काय हाये? साऱ्या नोकरीत मी हेच करून राह्यलो," ते म्हणाले, आणि खुर्ची प्रज्ञाला दिली.

* * *

असे आकडे बरेच असतात, हे प्रज्ञानं आम्हाला शिकवलं. मी त्यांचं कार्यालयीन भाषेत रूपांतर करून ठेवलं. चारशेएक म्हणजे 'आधी ओळखपत्र दाखवा'. चारशेचार म्हणजे 'साहेब जागेवर नाहीत'. पाचशे म्हणजे 'साहेबांनाच चक्कर आली'. आणि चारशेतीन म्हणजे 'साहेब आत आहेत, तुम्ही कोण हेही त्यांना ठाऊक आहे, पण भेटणार नाहीत'.

आमच्या शेतकऱ्यांना हा शेवटचा प्रकार समजावून सांगावा लागला नाही. तो त्यांचा जुना ओळखीचा होता.

तरी एकदा घोटाळा झालाच. बोरी अरबला सासुरवाडी असलेले महादेवराव म्हणून एक सज्जन शेतकरी होते. त्यांच्या अर्जावर चारशेतीन आलं. त्यांनी हात जोडले आणि ते निघून गेले. पाहुण्यांत कोणी वकील होता, त्याला फोन करून विचारलं की चारशेतीन म्हणजे काय. वकिलानं कायद्याच्या पुस्तकातलं कलम सांगितलं. दुसऱ्याचा माल अप्रामाणिकपणे स्वतःच्या उपयोगात आणणे, कैदेची तरतूद.

चार दिवस त्यांचा पत्ता नव्हता. पाचव्या दिवशी आले ते धुतलेलं धोतर नेसून, सोबत मेहुण्याला घेऊन.

"मॅडम, कापूस माह्याच वावरातला हाये," त्यांनी प्रज्ञाला सांगितलं. "हे आमचे साळे. जामीन राहतात."

प्रज्ञानं दोघांना बसवलं, चहा सांगितला आणि हसू येऊ न देता सगळं समजावलं. आता आलेच आहेत तर मेहुण्याचाही अर्ज भरून घेऊ म्हणाली. त्या दिवशी लाइन धड नव्हती. मेहुण्यालाही चारशेतीन आलं. मग मात्र महादेवरावांची भीती पार गेली. आता दोघं आरोपी झाले होते, सोबत होती.

* * *

अंजनाबाई आमच्याकडे प्रथम आली ती या दिवसांत. टेंभीची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, वावर ती एकटी करायची. घर म्हणजे एक खोली आणि पुढे ओसरी, आणि त्या खोलीत कापूस आढ्यापर्यंत भरलेला. दिवाळीपासून ती ओसरीत झोपत होती आणि अंगणातल्या निंबाखाली चूल मांडून स्वयंपाक करत होती. कापसाच्या घरात ठिणगी नेता येत नाही.

तिची लेक संगीता मुकुटबनला दिलेली. पहिलं बाळंतपण, म्हणजे माहेरी. महिनाअखेरीला ती येणार होती. बाळंतिणीला खोली लागते, आणि आमच्याकडे बाजेखाली शेगडी लागते.

"कापूस निघल्याबिगर शेगडी पेटत नाई, आन् शेगडीबिगर बाळंतपण कसं करू माय?" तिनं प्रज्ञाला विचारलं. दारावर खासगी व्यापारी येऊन गेला होता. त्यानं सांगितलेला भाव ऐकून तिनं त्याला पाणी पाजलं आणि परत पाठवलं. पाणी पाजलं हे ती आवर्जून सांगायची.

प्रज्ञाला लोकांचं उभं राहणं बघवत नसे. तिनं एक युक्ती काढली. बसच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा, तसं रांगेतल्या प्रत्येकाच्या नावानं तिनं ब्राउझरमध्ये एकेक टॅब उघडून ठेवलं. म्हाताऱ्यांना पडदा दाखवून सांगायची, "हे तुमचं. लागला नंबर. आता सावलीत बसा." माणसं खूश होऊन सावलीत जात. अंजनाबाई तर अधूनमधून काचेशी येऊन आपलं टॅब जागेवर आहे का, ते बघून जायची.

आणि दुपारी एकेकाचं बटण दाबायला लागलं की चारशेतीन, चारशेतीन, चारशेतीन.

त्या वेबसाइटचा नियम असा होता की नवीन टॅबात शिरलं की जुन्याचा परवाना रद्द. शेवटचा रुमाल तेवढा खरा, आधीचे सगळे वाऱ्यावर. प्रज्ञाच्या हे ध्यानात आलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. म्हणजे तिनं माया केली नसती तर सगळ्यांचे अर्ज वेळेत गेले असते.

साहेबांनी बाहेर जाऊन स्वतः लोकांना सांगितलं, "उद्या या. उद्यापासून उभंच राहा."

* * *

मधे एकदा ऑफिसची इंटरनेट लाइन तुटली. रस्त्याचं काम करणाऱ्यांनी ती खोदून काढली आणि बाजूला व्यवस्थित गुंडाळून ठेवली, एवढा त्यांचा चांगुलपणा. प्रज्ञानं आपल्या मोबाईलचं नेट जोडून बघितलं. चारशेतीन. समितीच्या ठरलेल्या लाइनवरून आलेल्यालाच दार उघडायचं, असा तिकडे बंदोबस्त होता.

साहेब म्हणाले, लिहून कळवा. मी मसुदा केला. 'उपरोक्त विषयी सविनय सादर, की सदर वेबसाइट या कार्यालयास ओळख देत नाही. तरी ओळख देण्यात यावी.' असा मसुदा मला परत जमला नाही. पत्र जिल्ह्याला गेलं, आणि जिल्ह्याचं उत्तर चक्क तिसऱ्या दिवशी आलं. वेबसाइटसंबंधीच्या सर्व तक्रारी फक्त वेबसाइटवरच स्वीकारल्या जातील.

आम्ही तक्रारीचं पान उघडलं.

काय आलं ते सांगत नाही.

* * *

लाइन जोडली गेली, टॅब एकच उघडं ठेवायची सवय झाली, आणि आता सुरळीत चालणार असं वाटलं, तेवढ्यात प्रज्ञा एका सकाळी उशिरा आली. म्हणजे समितीच्या वेळेनं उशिरा. कॉम्प्युटरच्या वेळेनं ती वेळेवर होती, आणि तिनं साहेबांना कॉम्प्युटरचा कोपरा दाखवला.

साहेबांना तो अपमान वाटला. "एका ऑफिसात दोन वेळा चालणार नाईत," ते म्हणाले, आणि हुकूम काढला की कॉम्प्युटरचं घड्याळही समितीच्या घड्याळाला मिळवून घ्यावं.

घड्याळ हे खातं रहीमचाचांचं. सेल बदलणं, काच पुसणं, सगळं तेच बघत. प्रज्ञानं त्यांना आपोआप वेळ लावणारं बटण कसं बंद करायचं आणि आकडे कसे बदलायचे, ते शिकवलं. चाचांनी आयुष्यात पहिल्यांदा माऊस धरला, तो पाखरू धरावं तसा, दोन्ही हातांनी. त्यानंतर रोज सकाळी झाडू झाला की ते टाचा वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे, मग वाकून पडद्याकडे, आणि मिनिटाला मिनिट मिळालं की समाधानानं फडकं खांद्यावर टाकायचे.

त्याच दिवसापासून एकही अर्ज जाईना. एकूण एक चारशेतीन.

प्रज्ञानं ब्राउझर बदलून बघितला, साठलेलं सगळं पुसून बघितलं, पासवर्ड बदलला. लोकांना ती सांगायची, शेजारच्या तालुक्यात सोय होत असेल तर बघा. काही महागावकडे गेले. अंजनाबाई गेली नाही. इथं प्रज्ञाला तिचं सगळं माहीत होतं, तिकडे परत पहिल्यापासून कोणाला सांगत बसणार? ती एक दिवसाआड येऊन बाकावर बसे आणि संध्याकाळच्या बसनं परत जाई. संगीताचा फोन आला की बाहेर जाऊन बोले. एकदा खिडकीतून माझ्या कानावर पडलं. "हो, निघाला ना कापूस. खोली सारवून राह्यली मी," ती लेकीला सांगत होती. मग आत येऊन परत बाकावर बसली.

शेवटी यवतमाळहून इंजिनिअर आला. त्यानं कॉम्प्युटर पुसून नवा केला. नव्या कॉम्प्युटरनं आपली वेळ आपणच बरोबर लावून घेतली, पण तिकडे कोणाचं लक्ष? त्याच्या देखत तीनचार अर्ज धडाधड गेले. अंजनाबाईचा आठवडी बाजाराचा दिवस होता, ती आलेली नव्हती. इंजिनिअर जेवून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रहीमचाचांनी झाडू मारला, घड्याळ मिळवलं, फडकं खांद्यावर टाकलं. चारशेतीन.

इंजिनिअर परत आला. या वेळी त्यानं आपला लॅपटॉप आमच्या लाइनला जोडला. वेबसाइट गुपचूप उघडली. अंगठ्याचं यंत्र त्या लॅपटॉपला लागत नव्हतं, त्यामुळे अर्ज भरता आला नाही, पण लाइन ठीक आहे एवढं सिद्ध झालं. "तुमच्या मशीनमध्येच काही तरी आहे," तो म्हणाला. हे आम्हालाही माहीत होतं.

तेव्हापासून ऑफिसात मत असं पडलं की सर्व्हर त्या इंजिनिअरला भितो. तो निघाला तेव्हा साहेब फाटकापर्यंत पोचवायला गेले आणि गंभीरपणे म्हणाले, "रोज येणं जमत नसन तर बॅग तरी ठिवून जा."

* * *

नोंदणीचा शेवटचा दिवस. संध्याकाळी सहाला वेबसाइट बंद होणार होती.

दिवसभर हॉल भरलेला, आणि दिवसभर एकही अर्ज गेला नाही. प्रज्ञा बटण दाबायची, पडदा पांढरा व्हायचा, ती पुढच्या माणसाला बोलवायची. तिनं दुपारचा डबा उघडला नव्हता. समितीच्या घड्याळात सहा वाजले तसे साहेब उठले. लोकही उठले. मंडळी शांतपणे बसस्टँडकडे निघून गेली.

रहीमचाचांनी खिडक्या लावल्या, कुलूप हातात घेतलं, आणि दारात अंजनाबाई उभी. फाट्याजवळ तिची बस पंक्चर झाली होती, तिथून ती चालत आली होती. डोक्यावरचा पदर धुळीनं भरलेला.

प्रज्ञानं तिला पाहिलं आणि तोंड फिरवलं. सांगायचं काम साहेबांवर आलं.

"बाई, सहा वाजून गेले. संपलं आता."

अंजनाबाईनं घड्याळाकडे पाहिलं. ती भांडायला आली नव्हती. "बरं," म्हणाली. मग उंबऱ्याशी टेकली. "संगीताले सांगून बसली जी मी. खोली सारवून राह्यली म्हणून सांगतलं. आता येईन तं काय पाहीन थे?"

रहीमचाचा कुलूप या हातातून त्या हातात करत होते. साहेबांसमोर ते कामाशिवाय बोलत नसत.

"साहेब," ते म्हणाले, "थो सर्व्हर आपल्या समितीच्या वेळेवर चालते का जी?"

साहेब चिडून काही बोलणार होते. पण त्यांच्याआधी प्रज्ञा उभी राहिली. तिनं भिंतीकडे पाहिलं. मग हातातल्या मोबाईलकडे. मग वाकून पडद्याच्या खालच्या कोपऱ्याकडे, आणि तिथंच बघत राहिली.

"चाचा, आज सकाळी कॉम्प्युटरचं घड्याळ मिळवलंत?"

"रोज मिळवतो ना बेटा," चाचा म्हणाले. "एक मिनिट इकडचं तिकडं नाई."

प्रज्ञा मटकन खुर्चीत बसली आणि तिची बोटं चालू झाली. बोलत होती ती आमच्याशी, पण नजर पडद्यावर. आपण बटण दाबलं की अर्जासोबत निघाल्याची वेळ जाते. तिकडे सर्व्हर ती आपल्या घड्याळाशी ताडून बघतो. थोडा फरक चालवून घेतो. पण वीस मिनिटं पुढची वेळ दिसली की त्याला वाटतं, काही तरी बनाव आहे, आणि तो दार लावून घेतो. म्हणजे इतके दिवस आम्ही त्याच्याकडे अजून न वाजलेल्या वेळेचे अर्ज पाठवत होतो.

तिनं घड्याळ मागे घेतलं. सहा वाजायला अजून पंधराएक मिनिटं होती.

अंजनाबाईचा सातबारा प्रज्ञाला पाठ होता. अंगठा मात्र यंत्र घेईना, सगळी धूळ. रहीमचाचांनी आपलं फडकं ओलं करून आणलं आणि तिनं बोट पुढे केलं तसं ते अंगठा पुसू लागले, रोज घड्याळाची काच पुसत तसा, हळू. परत ठेवला. घेतला.

प्रज्ञानं बटण दाबलं. पडदा पांढरा झाला. मग हिरवी ओळ आली, नोंदणी यशस्वी.

साहेब चष्मा काढून पुसत होते. रिकाम्या हॉलकडे बघून त्यांनी हाक मारली, "चला, पुढचा कोण हाये?"

तेव्हा कुठे आम्हाला आठवलं. चाचा चपला न घालता बसस्टँडकडे धावले. मंडळी तिथंच होती. समितीच्या वेळेनं निघालेली माणसं, बस यायची होती. चाचांनी सगळ्यांना वळवून आणलं, आणि एकाला मागे ठेवलं, बस आली की ड्रायव्हरला चहा पाजून थांबवायला. सहाच्या आत जेवढे बसले तेवढे अर्ज प्रज्ञानं भरले. उरलेल्यांपुढे आम्हाला हात जोडावे लागले. महादेवराव आणि मेहुणे दोघंही बसले त्यात.

दुसऱ्या दिवशी सरकारनं नोंदणीची मुदत वाढवली. नेहमीसारखी. पण ते आदल्या संध्याकाळी कोणाला ठाऊक होतं?

* * *

साहेबांनी मग चौकशी लावली की हे घड्याळ मुळात पुढे केलं कोणी. चौकशीला काही वेळ लागला नाही.

"म्या केलं साहेब," रहीमचाचा म्हणाले. "लै वर्सं झाले. एक डोकरा-डोकरी बोलता बोलता इथंच थांबले आन् त्यायची आखरी बस गेली. थंडीचे दिवस. लिलावाच्या ओट्यावर रात्र काढली बिचाऱ्यायनं. सकाळी झाडू मारायले आलो तं दोघं एका पोत्यात कुडकुडत." "तवापासून थोडं पुढं ठिवतो. लोक निघतात टायमावर."

आधीच्या सचिवांची शिस्त म्हणून जे आम्ही इतकी वर्षं पाळलं, ते हे होतं.

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग मला म्हणाले, लिहा. मी कागद घेतला. 'कॉम्प्युटरची वेळ सर्व्हरप्रमाणे राहील. भिंतीवरची वेळ बसप्रमाणे राहील. दोन्हींत कोणीही बदल करू नये.' खाली सही केली, आणि तारीख घातली. वेळ घालायची का, असं मी विचारलं. ते "जा" म्हणाले.

* * *

अंजनाबाईला मेसेज आला, गाडी भरली गेली, कापूस निघाला. तिनं खोली खरोखरच सारवली, आणि दिवाळीनंतर पहिल्यांदा घरात चूल पेटवली. संगीता आली. कापसाचं कोणी तिच्याजवळ काही बोललं नाही.

बाळंतपण तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात झालं. दिवस भरले त्या दुपारी मायलेकी टेंभीहून बसनं आल्या. अंजनाबाईच्या घरचं घड्याळ आमच्या समितीला मिळवलेलं, त्यामुळे फाट्यावर त्या बसच्या कितीतरी आधी पोचल्या होत्या, आणि संगीताला झाडाखाली बसून दम खाता आला. प्रज्ञाचं घर दवाखान्याच्या मागच्याच गल्लीत, ती गरम पाणी आणि जुनी लुगडी घेऊन गेली. पुढचं तिनंच आम्हाला सांगितलं.

मुलगी झाली. छान रडली. अंजनाबाईनं नातीला कापडात गुंडाळून घेतलं आणि व्हरांड्यात प्रज्ञाजवळ येऊन बसली. थोड्या वेळानं आतून नर्सबाई आल्या. एकट्या होत्या, आत आणखी एक बाई अडलेली, हात भरलेले. जन्माची वेळ लिहायची राहून गेली होती आणि दवाखान्याचं घड्याळ बंद होतं.

"आजी, पोरगी रडली तवा किती वाजले होते? पाह्यलं का तुमी?"

अंजनाबाईनं आपल्या मोबाईलवर पाहिलं होतं. नातीच्या तोंडावरून कापड सारखं करत ती म्हणाली, "समितीचे सांगू का सर्व्हरचे?"